भरदिवसा लाँग एक्सपोजर : गोकाक, हिडकल, राजहंसगडसाठी किती काळा एनडी घ्यावा?

अनगोळकर_नवखा
नमस्कार मंडळी. कॅमेरा घेऊन वर्ष होत आलं. निकॉनची क्रॉप (लहान) सेन्सरची बॉडी, तिच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स आणि घरात पडून असलेला जड ट्रायपॉड, एवढंच सामान. यंदा गोकाकचा धबधबा भरदिवसा लाँग एक्सपोजरनं, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून, काढायचाय. सगळे म्हणतात पहाटे जा, पण बेळगावहून बसनं जायचं तर पोचेपर्यंत उन्हं वर येतात. म्हणजे लेन्सवर लावून प्रकाश कमी करणारी काळी काच, एनडी फिल्टर, घ्यायला हवा, इथपर्यंत कळलं. कुठला ते कळेना. एका डबीवर एनडी१०००, दुसरीवर ३.०, तिसरीवर १० स्टॉप. दुकानदार म्हणतो, सगळ्यात काळा घ्या, तोच भारी. खरं का? आणि फिरवून कमीजास्त होणारा व्हेरिएबल घेतला तर एकात सगळं भागेल काय?

टिळकवाडी_ट्रायपॉड
तिन्ही डब्यांत एकच काच आहे रे. एनडी१००० म्हणजे प्रकाश हजारपटीनं कमी, काटेकोर बोलायचं तर १०२४ पटीनं. ३.० ही तिची घनता, आणि प्रत्येक ०.३ ला एक स्टॉप, म्हणजे प्रकाश निम्मा, म्हणून १० स्टॉप. याच हिशेबानं एनडी८ म्हणजे ०.९ म्हणजे ३ स्टॉप, आणि एनडी६४ म्हणजे १.८ म्हणजे ६ स्टॉप. जुना एनडी४०० दिसला तर तो पावणेनऊच्या जरा आतला.

पण दुकानदाराचं ऐकू नकोस. आधी सांग, फोटोत हलणारं काय आहे आणि ते किती सेकंद हलू द्यायचंय. काळेपणा त्यावरून ठरतो. गोकाकला पाणी ५२ मीटरवरून कोसळतं. त्याला मऊ व्हायला अर्धा सेकंदसुद्धा पुष्कळ होतो.

हिशेब बघ. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० आणि लेन्सचं छिद्र एफ/११. स्वच्छ उन्हात शटर १/२०० सेकंदाच्या आसपास येतं. ३ स्टॉपचा लावलास तर १/२५, म्हणजे धड ना इकडे ना तिकडे. ६ चा लावलास तर साधारण एक तृतीयांश सेकंद, धबधब्याला झकास. १० चा लावलास तर ५ सेकंद. आता जुलैतलं दाट आभाळ घे. तिथं विनाफिल्टर १/२५ येतं. ३ चा लावून एक तृतीयांश सेकंद, ६ चा लावून अडीच सेकंद, १० चा लावून ४० सेकंद. म्हणजे धबधब्यासाठी पहिला फिल्टर ६ चा. १० चा घेऊन गोकाकला गेलास तर पावसाळी आभाळाखाली तुला ४० सेकंदांचा पांढरा पडदा मिळेल, धबधबा मिळणार नाही.

घटप्रभा_काठचा
गोकाकचाच आहे म्हणून आधी एक सांगतो. फिल्टरच्या आधी पाण्याची चौकशी करा. वर हिडकलचं धरण, त्याच्या खाली धुपदाळचा बंधारा, आणि मग आमचा धबधबा. जून महिन्यात बेळगावात धो धो पाऊस पडला म्हणून इथं पाणी आलंच असं नसतं. धरण भरून पाणी सोडलं की खरा धबधबा. जुलै ते सप्टेंबर बघून या. आणि वरच्या कातळावर कडेपर्यंत जाऊ नका, शेवाळ असतं. ट्रायपॉड मांडायला समोरच्या बाजूनंच चांगलं दिसतं.

पुण्यातला_बेळगावकर
ट्रायपॉडराव, एवढं सरळ नाही ते. माझ्याकडे गोकाकचा १० स्टॉपनं काढलेला फोटो आहे आणि तो दिवाणखान्यात लावलाय. पाणी मऊ, वरून ढग वाहिलेले, मधे गिरणीची दगडी इमारत घट्ट. बघणारा विचारतोच की हे कुठलं.

टिळकवाडी_ट्रायपॉड
फोटो चांगला असणारच, कारण त्यात ढग आणि इमारत आहे. तुमचा फोटो धबधब्याचा नव्हेच, आभाळाचा आहे. मी नुसत्या पाण्याबद्दल बोलतोय. ऑगस्टात पूर आला की घटप्रभा तांबडी होते. त्या तांबड्या पाण्याचे ४० सेकंद घेतले तर धारा, भोवरे, उसळणारा फेस, सगळं एकजीव होऊन एकाच रंगाचा पट्टा उरतो. चहा सांडल्यागत. पुराचा जोर दाखवायचा असेल तर १/८ ते १/४ च्या पुढे जाऊच नये, धारांचे धागे तेवढ्यातच दिसतात. पाणी कमी असेल, कातळावरून वेगवेगळ्या सरी पडत असतील, तेव्हा एक-दोन सेकंद शोभतात. हे माझं मत. तुम्हाला तुमचा दिवाणखाना लखलाभ.

उद्यमबाग_लेथ
काय गा मर्दा, एवढं पैसं कशाला घालूलास? आमच्या उद्यमबागेत कुठल्याबी हार्डवेअरच्या दुकानात जा, वेल्डिंगच्या हेल्मेटात घालायची काळी काच माग. चहा-भज्याच्या पैशात येतंय. रबरबँडनं लेन्सच्या तोंडाला बांध, झालं. मी १० नंबरच्या काचेनं आमच्या येळ्ळूरच्या गडावर भर बारा वाजता तीन मिनिटाचा फोटू काढलाय.

पुण्यातला_बेळगावकर
आणि फोटो हिरवागार.

उद्यमबाग_लेथ
होय की! हिरवागार. मग ब्लॅक अँड व्हाइट करतोय. कोण विचारायला येतंय?

टिळकवाडी_ट्रायपॉड
लेथदादा थट्टेत म्हणत असले तरी नवख्यासाठी ही वाट वाईट नाही. वेल्डिंगच्या काचेचा नंबर आणि घनता यांचा ठरलेला हिशेब असतो. ८ नंबर बरोब्बर ३.० घनतेला येतो, म्हणजे १० स्टॉप. १० नंबर जवळजवळ १३ स्टॉप. आभाळ थोडं झाकलेलं असलं तर भर दुपारीही तीन मिनिटं मिळतात, यात काही नवल नाही.

अडचणी दोन. एक, हिरवा रंग. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढायचं, आणि काच लावूनच पांढऱ्या ढगावर किंवा कोऱ्या कागदावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यायचा, म्हणजे पांढरं कुठलं ते कॅमेऱ्याला दाखवायचं. तरी लाल रंग पुरता परत येत नाही, म्हणून दादांसारखं सरळ कृष्णधवल करणं शहाणपणाचं. दुसरी, काच फोटोसाठी घासलेली नसते. १८-२० मिमीवर चालून जातं, ५५ वर झूम केलंस की फोटो दुधाळ होतो. बारीक तोंडाच्या लेन्सलाच पुरते. सोनेरी मुलामा दिलेली घेऊ नकोस, तिचा रंग आणखी तऱ्हेवाईक.

लाँग एक्सपोजर आपल्याला आवडतं की नाही एवढं कळायला मात्र ही काच पुरेशी आहे. नाही आवडलं तर कुणा वेल्डरला देऊन टाक.

निपाणीकरीण
गोकाक गोकाक काय करताय सगळे! १० स्टॉपची खरी जागा हिडकलच्या जलाशयात आहे. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर माहीत असेल. धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं की देऊळ बाहेर येतं, पावसाळ्यात भरलं की पुन्हा बुडतं. मधल्या दिवसांत देऊळ पाण्यात अर्धं उभं असतं, आणि तेव्हाच जायचं. तिथं वाऱ्यानं सतत बारीक लाटा उठतात, साध्या फोटोत त्या नुसत्या खरखरीत दिसतात. दीड-दोन मिनिटं शटर उघडं ठेवलं की लाटा पुसल्या जातात आणि पाण्यावर फक्त दगडी देऊळ उरतं. एवढं मोकळं पाणी धबधब्यात कुठून येणार?

पण तिथं भर उन्हात १० चासुद्धा कमी पडतो हे कुणी सांगत नाही. वर ट्रायपॉडदादांनीच आकडा दिलाय, ५ सेकंद. पाच सेकंदांत तळ्याच्या लाटा जात नाहीत, अर्धवट राहतात आणि फोटो हललाय असं वाटतं. एक तर ढगाळ दिवस बघा, नाहीतर ६ आणि १० एकावर एक लावा, तेव्हा साडेपाच मिनिटांच्या आसपास जातं. कुणाकडे १५ स्टॉपचा असेल तर पावणेतीन मिनिटं.

कृष्णाकाठीही हेच. यडूरला हिवाळ्यात नदी संथ असते, घाटाच्या पायऱ्या आणि बांधलेल्या नावा. मात्र नाव हलते हे लक्षात ठेवा. पाणी गुळगुळीत आणि नाव भुतासारखी दुहेरी, असा फोटो येतो. काठावर ओढून ठेवलेली नाव शोधायची.

अनगोळकर_नवखा
ताई, दोन फिल्टर एकावर एक लावले तर कोपरे काळे होत नाहीत का?

निपाणीकरीण
होतात. १८ वर होतील, २४ च्या पुढे बहुतेक नाही. थोडं मागे सरकून काढायचं आणि नंतर कापायचं. आणि एकमेकांत घट्ट पिळू नका, वेगळे करायला बसलात की अख्खी दुपार जाते. अडकलेच तर कडेला रुंद रबरबँड गुंडाळा आणि हलक्या हातानं फिरवा. जोर केला की रिंग दबते आणि आणखी अडकते.

सीमेवरचा_सायकलवाला
व्हेरिएबलचं उत्तर कुणीच दिलं नाही म्हणून देतो. त्यात दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेनं कंपणारा प्रकाश आत सोडणाऱ्या काचा, एकमेकांसमोर फिरतात. काळ्या टोकाकडे नेलं की रुंद लेन्सवर फोटोत मोठी फुली उमटते, एका तिरप्या पट्ट्यात काळं, दुसऱ्यात उजळ. ती नंतर निघत नाही. व्हिडिओवाल्यांना व्हेरिएबल सोयीचा, कारण त्यांना दोन-पाच स्टॉपच लागतात. तुला १० हवे असतील तर एकाच काचेचा घे.

त्यापेक्षा साधा सीपीएल, म्हणजे एकच फिरता पोलरायझर, घे. ओल्या कातळावरची आणि झाडोऱ्यावरची चमक जाते, हिरवा रंग खुलतो, वर दीड-दोन स्टॉप फुकट मिळतात. जांबोटीकडचा वज्रपोहा, गोडचिनमलकीचा मार्कंडेयावरचा धबधबा, असल्या झाडीतल्या ठिकाणी सीपीएल आणि ३ चा एनडी यावर काम होतं. खानापूर भागात जंगलात शिरायचं असेल तर वनखात्याला विचारूनच जा. भीमगड अभयारण्य आहे तिथं, पावसाळ्यात अडवतात, आणि ट्रायपॉड बघितला की जास्त प्रश्न विचारतात.

घटप्रभा_काठचा
ट्रायपॉडचं खरं आहे. इकडं कुठल्याही धरणाच्या भिंतीवर, बंधाऱ्यावर उभं राहून मांडामांड करू नका. आधी पहारेकऱ्याकडे जा आणि "फोटो तगीबहुदेन्री?" (फोटो काढता येईल का?) म्हणून विचारा. एवढं कन्नड बोललात की निम्मं काम होतं. मोबाईलवाल्यांना कोण काही म्हणत नाही, तीन पायांचं काही दिसलं की सर्व्हे करायला आलेत वाटतं लोकांना.

आणि हो, गोकाकच्या झुलत्या पुलावर लाँग एक्सपोजरच्या नादाला लागू नका. माणूस चालला की पूल हलतो. ट्रायपॉड कितीही जड असू दे, तो पुलाबरोबरच हलणार. पूल फोटोत घ्यायचा तर काठावरून.

डार्करूम_काका
मुलांनो, धागा वाचतो आहे. आमच्या वेळी फिल्मवर हे सगळं होतं आणि वर एक कटकट असायची. एक्सपोजर लांबलं की फिल्म मंद होते. हिशेबानं एक मिनिट आलं की दोन-अडीच मिनिटं द्यावी लागत, आणि प्रत्येक फिल्मचा तक्ता वेगळा. फुजीची अॅक्रॉस तेवढी गुणी, १२० सेकंदांपर्यंत तिला काही वाढवावं लागत नसे. तुमच्या डिजिटलला ही भानगड नाही, हिशेब सरळ गुणाकाराचा.

दिवसाचं लाँग एक्सपोजर तुम्हाला नवं वाटतं, पण फोटोग्राफी सुरूच तिथून झाली. १८३८ साली दागेरनं पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वर्दळीचा, पण प्लेट इतकी मंद की एक्सपोजर कित्येक मिनिटांचं. घोडागाड्या, माणसं सगळी पुसली गेली. एकच माणूस दिसतो, कारण तो बूट पॉलिश करून घेत उभा होता. तेव्हा गोकाक-हिडकल झालं की हाच फिल्टर घेऊन गणपत गल्लीत या. सकाळी अकराला, बाजार भरलेला असताना. एखाद्या माडीच्या सज्जातून ट्रायपॉड लावा आणि चार मिनिटं द्या. चालणारी गर्दी नाहीशी होईल. बसून भाजी विकणाऱ्या बायका, उभ्या केलेल्या स्कूटर आणि गप्पा मारत थांबलेले दोघंतिघं, एवढेच राहतील. कोण चालतंय आणि कोण बसलंय हे त्या फोटोत जसं कळतं तसं एरवी कळत नाही.

एक ताकीद. एनडी फिल्टर लावून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघायचं नाही, म्हणजे नाही. काच काळी दिसते म्हणून डोळा सुरक्षित असतो असं नव्हे. डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण बऱ्याच एनडी काचांतून बिनबोभाट आत येतात, आणि लेन्स ते एकत्र करून डोळ्यात सोडते. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाला इथल्या गच्चीगच्चीवर लोक काय काय डोळ्याला लावून उभे होते ते मी बघितलंय. सूर्य बघण्यासाठी वेगळे सोलर फिल्टर मिळतात, ५.० घनतेचे. १० स्टॉपवाला ३.० चा, म्हणजे त्याच्यापेक्षा शंभरपट जास्त उजेड आत सोडणारा.

पुण्यातला_बेळगावकर
काकांनी अवरक्ताचं काढलंच आहे तर रंगाचंही सांगून टाकतो. जुन्या बी प्लस डब्ल्यूच्या १० स्टॉपमध्ये फोटो तांबूस तपकिरी यायचे, त्याचं कारण हेच. दिसणारा प्रकाश हजारपटीनं अडतो, अवरक्त तेवढा अडत नाही, आणि सेन्सर तो थोडा का होईना टिपतो. म्हणून हल्ली आयआर एनडी असं लिहिलेले, अवरक्तही अडवणारे, मिळतात. लीचा बिग स्टॉपर निळसर झुकतो, पण तो निळा सगळीकडे सारखा असतो, व्हाइट बॅलन्सनं निघतो. होया, निसी, के अँड एफ यांचे गोल फिल्टर बेळगावात मागवून मिळतील. निपाणी-संकेश्वर पट्ट्यातल्या उसाच्या हिरव्या रंगावर काच कशी वागते ते एकदा घरच्या घरी बघून घ्या. तांबूस झाक असेल तर हिरवा मेलेला दिसतो.

आणि नवख्या, गोकाकहून येताना करदंट आण. पुण्यात मिळतो तो करदंट नव्हे.

उद्यमबाग_लेथ
कुंदा सोडून करदंट मागूलास? बेळगावकर म्हणवून घेऊ नको आता.

टिळकवाडी_ट्रायपॉड
विषयावर या. ढगांबद्दल कुणी नीट लिहिलं नाही, आणि १० स्टॉप घ्यायचं माझ्या दृष्टीनं ते मुख्य कारण आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ढग पश्चिमेकडून घाट चढून येतात आणि खाली येतात. राजहंसगडावर उभं राहिलं तर ते डोक्यावरून धावताना दिसतात. असे खालचे ढग एका मिनिटात फोटोभर ओढले जातात. ऑक्टोबरातले उंच, विरळ ढग मात्र आळशी, त्यांना चार-पाच मिनिटं लागतात.

कॅमेऱ्याचं तोंड कुठं आहे यावर सगळा फरक पडतो. पश्चिमेला किंवा पूर्वेला तोंड केलं तर ढग तुमच्याकडे येतात किंवा दूर जातात, आणि फोटोत एका बिंदूतून पंख्यासारखे फाकतात. उत्तरेला किंवा दक्षिणेला केलं तर आडवे पट्टे येतात. गडाचा बुरूज किंवा शिवरायांचा पुतळा मधे घ्यायचा असेल तर पंखा चांगला दिसतो. आभाळ सगळंच राखाडी असेल तर घरी बसा. ढगाढगांत निळ्या फटी असल्या तरच रेषा उमटतात, नाहीतर पाच मिनिटांनीही राखाडीचं राखाडीच.

गडावर वारा जबर असतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, बारीक पाय बाहेर ओढू नका, खालीच बसवा. पिशवी अडकवायचा सल्ला मिळतो, पण ती हवेत झुलली तर उलटा परिणाम. जमिनीला टेकेल इतपत लोंबू द्या. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, तो फडफडतो. लेन्समधलं स्थिरीकरण बंद.

सीमेवरचा_सायकलवाला
फिल्टरच न घेता भागतं हेही नोंदवतो. ट्रायपॉडवरून एकामागून एक पुष्कळ फोटो घ्यायचे आणि फोटोशॉपमध्ये ते सगळे एकावर एक रचून, स्मार्ट ऑब्जेक्ट करून, स्टॅक मोडमध्ये मीन, म्हणजे सरासरी, द्यायचं. पाणी मऊ होतं, नॉइजही (फोटोतला दाणेदारपणा) कमी होतो. फोनमधले लाँग एक्सपोजरचे पर्याय बहुतेक हीच युक्ती आतल्या आत करतात. फक्त ढगांना दोन फोटोंच्या मधलं अंतर नडतं, रेषेऐवजी तुटक ठिपके येतात. म्हणून मी ६ स्टॉप लावून एकेक-दोनदोन सेकंदांचे सलग घेतो. मधेच कुणी कॅमेऱ्यासमोरून गेलं तर तेवढा एक फोटो गाळायचा. पाच मिनिटांच्या एका एक्सपोजरला चौथ्या मिनिटाला म्हैस येऊन ट्रायपॉडला घासून गेली तर काय करणार?

निपाणीकरीण
म्हशीचं अगदी खरं. हिडकलला त्या पाण्यातच बसलेल्या असतात, आणि एकदा बसल्या की हलत नाहीत. देवळाइतक्याच स्पष्ट येतात फोटोत.

अनगोळकर_नवखा
सगळ्यांचे आभार. मग पहिला ६ स्टॉप आणि सीपीएल, १० चा नंतर. तोपर्यंत लेथदादांची काच. आता प्रत्यक्ष काढताना कसं करायचं ते कुणी ओळीनं सांगेल का? काळ्या काचेतून काही दिसतच नाही म्हणतात.

टिळकवाडी_ट्रायपॉड
फिल्टर न लावता फ्रेम ठरव, फोकस कर, मग फोकस मॅन्युअलवर टाक. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, एफ/८ किंवा एफ/११. क्रॉप सेन्सरवर एफ/२२ पर्यंत जाऊन सेकंद वाढवू नकोस, सगळा फोटो मऊ पडतो. त्यासाठीच तर फिल्टर घेतोयस. एक साधा फोटो घेऊन हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघ. मग फिल्टर चढव.

आता सेकंद किती, हे पाठ करण्यापेक्षा एक युक्ती कर. आयएसओ ६४०० ला नेऊन चाचणीचा फोटो घे. ६४०० म्हणजे १०० च्या ६४ पट. तिथं एक सेकंदात फोटो नीट आला तर १०० वर ६४ सेकंद द्यायचे, दोन सेकंदांत आला तर १२८. काच दहाची आहे की साडेदहाची ही भानगडच उरत नाही. स्वस्त फिल्टर अर्धा स्टॉप इकडेतिकडे असतातच. वेल्डिंगच्या काचेला तर हाच उपाय.

३० सेकंदांपर्यंत कॅमेरा स्वतः मोजतो, टायमर लावून हात काढून घेतला की झालं. त्यापुढे बल्ब मोड, म्हणजे आपण सोडेपर्यंत शटर उघडं, आणि वायरचा किंवा बिनवायरचा रिमोट. तुझा डीएसएलआर आहे, तेव्हा मागच्या व्ह्यूफाइंडरवर काळं कापड टाक. पुढून येणारा प्रकाश हजारपट कमी झाला की मागून शिरणारा कवडसा भारी ठरतो, फोटोवर जांभळट डाग किंवा पट्टा येतो. मिररलेसवाल्यांना ही काळजी नाही, त्यांना फिल्टर लावूनही स्क्रीनवर बरंच दिसतं.

मेनूत लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन नावाचं एक असतं. ते चालू असेल तर दोन मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी दोन मिनिटं शटर बंद ठेवून दुसरा फोटो घेतो आणि वजा करतो. तेवढ्यात ढग निघून जातात. एप्रिल-मेच्या उन्हात कॅमेरा तापून पांढरेलाल ठिपके येतात, तेव्हा चालू ठेव. पावसाळ्यात मी बंदच ठेवतो.

धबधब्यापाशी तुषार उडतात. दर फोटोआधी काच पूस, चाचणीचा फोटो मोठा करून कोपरे बघ. थेंब राहिला तर उन्हात त्याची गोल चकती उमटते.

निपाणीकरीण
एकच भर. तुमची १८-५५ कुठली आहे ते सांगा. लेन्सच्या पुढच्या कडेवर ५२ लिहिलंय की ५५?

अनगोळकर_नवखा
बघून सांगतो... ५२ लिहिलंय ताई. का बरं?

निपाणीकरीण
मग ती जुनी एएफ-एस आहे. तिचं पुढचं तोंड फोकस करताना फिरतं. म्हणजे फोकस करून झाल्यावर फिल्टर पिळायला गेलात की फोकस हलला. एका हातानं पुढची रिंग घट्ट धरून दुसऱ्या हातानं फिल्टर चढवायचा, शेवटचा अर्धा आटा सोडून द्यायचा. सीपीएलही फोकस झाल्यावरच फिरवायचा. नवी एएफ-पी, ५५ ची, तिचं तोंड फिरत नाही, पण तिला दुसरी खोड. कॅमेरा झोपी गेला की फोकस सरकतो, म्हणून स्टँडबायचा वेळ वाढवून ठेवावा लागतो.

आणि फिल्टर ५२ चा घेऊ नका. उद्या मोठी लेन्स घेतलीत तर तो पडून राहील. ६७ किंवा ७७ चा घ्या आणि ५२ वरून जाणारी स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान तोंडावर मोठा फिल्टर बसवायची कडी, घ्या. कोपरे काळे होण्याचं भयही कमी होतं.

सीमेवरचा_सायकलवाला
किंवा चुंबकाचा घ्या. रिंग आधीच बसवून ठेवायची, फिल्टर नुसता चिकटवायचा, पिळायची गरजच नाही. मात्र राजहंसगडाच्या वाऱ्यात हातातून सुटून तो खाली गेला तर शोधायला येळ्ळूरच्या शिवारात उतरावं लागेल.

उद्यमबाग_लेथ
काच पायजे असेल तर मला मेसेज टाक गा. ८ नंबर आणि १० नंबर दोन्ही आणून ठेवतो. दोन इंच रुंदीची नको, सव्वातीन इंचवाली घेऊ, ५२ च्या तोंडाला मस्त बसतंय. रबरबँड मात्र तुझं तू आण.

घटप्रभा_काठचा
नवखे, येणार असाल त्याच्या आदल्या संध्याकाळी इथं विचारा. पाणी किती आहे ते बघून लिहितो.